हजेरीपटावरची दहा नावे

काचीगुड्यातील आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. दरवर्षी दसऱ्याच्या आधी घराची झाडलोट निघाली की ती माळ्यावरून खाली येते, पुसली जाते आणि पुन्हा वर जाते. तिच्यात माझ्या आजोबांचे उस्मानिया मॅट्रिकचे प्रमाणपत्र आहे. त्यावरील सर्व मजकूर उर्दूत असून साल १३४१ फसली, म्हणजे इसवी सनाचे १९३२, असे आहे. त्याच पेटीत पणजोबांनी मोडीत लिहिलेली शेताच्या वाटणीची यादी आहे, आणि तळाशी आजीची बाळबोध अक्षरातील पत्रे आहेत. एका घरातील तीन माणसे आणि तीन लिप्या. शाळेची भाषा आणि घरची भाषा यांचे नाते कसे असते, हे समजावून घेण्यास मला या पेटीइतका दुसरा चांगला धडा सापडलेला नाही.

आजोबा परभणी जिल्ह्यातले. घरात, देवळात आणि बाजारात त्यांच्या कानावर मराठीच पडे. परंतु माध्यमिक वर्गात पाऊल टाकले आणि अंकगणिताचे ‘हिसाब’ झाले, भूगोलाचे ‘जुग्राफिया’ झाले, इतिहासाचे ‘तारीख’ झाले. ते गमतीने सांगत, “त्रिकोण मला आधी मुसल्लस म्हणून भेटला. त्याला मराठीत त्रिकोण म्हणतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळले.” हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे. उर्दूवर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि संध्याकाळी ते उर्दू वर्तमानपत्र चवीने वाचीत. तरीही स्वतःच्या मुलाला शाळेत घालण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सरकारी शाळेची वाट धरली नाही. त्याचे कारण शोधू गेले तर आपल्याला सबंध हैदराबाद संस्थानाच्या शिक्षणाचा इतिहास चाळावा लागतो.

संस्थानातील शाळा

आसफजाही राजवटीत आधुनिक शिक्षणाचा पाया पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या काळात, घातला गेला. दारुल उलूम, मदरसा-ए-आलिया, आमच्या काचीगुड्याच्या शेजारी चादरघाट येथील शाळा, आणि १८८७ मध्ये मद्रास विद्यापीठाशी जोडलेले निजाम कॉलेज, अशी ही परंपरा आहे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे या कॉलेजाच्या उभारणीतील प्रमुख पुरुष. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दरबारी कारभारातून फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी खास भाषांतरखाते उघडण्यात आले, आणि वैद्यक, पदार्थविज्ञान, कायदा अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. परकीय इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्व होता, आणि त्याचे श्रेय नाकारणे न्यायाचे होणार नाही.

परंतु प्रश्न असा होता की ही देशी भाषा कोणाची? १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे एक कोटी चव्वेचाळीस लाख होती. तीत शंभरात अठ्ठेचाळीस माणसे तेलुगू बोलणारी, सव्वीस मराठी, अकरा कानडी, आणि उर्दू ही मातृभाषा असणारी जेमतेम दहा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे तर निखळ मराठी. प्राथमिक इयत्तांत कोठे कोठे मातृभाषेला जागा होती, पण त्यापुढची पायरी उर्दूचीच. खेड्यातील हुशार मुलगा या पायरीशी अडखळे, आणि मुलगी तर तेथवर पोहोचतच नसे. ज्याच्या घरी उर्दू-फारसीची वहिवाट होती तो निभावून जाई. बाकीचे चौथीनंतर शेताकडे वळत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. ब्रिटिश मुलखातील मराठी मुलाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. समुद्रकाठच्या रत्नागिरीचे उदाहरण घ्या. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत त्या गावी मराठी शाळेत शिक्षक होते, आणि १८६६ मध्ये बढतीवर पुण्यास गेले. अशा मराठी शाळांतून मूल मराठीत शिके. परंतु सरकारी हायस्कुलात गेले की शिकण्याची भाषा इंग्रजी होई. मुंबईच्या शिक्षण मंडळात एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात या प्रश्नावर मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. तेव्हा सरकारने शाळा द्यावी पण भाषा देऊ नये, ही तक्रार केवळ निजामी मुलखाची नव्हे. फरक इतकाच की रत्नागिरीच्या मुलाभोवती मराठी समाज, मराठी छापखाने आणि मराठी नाटके होती. आमच्याकडे हे सारे लोकांना आपल्या हातांनी उभारावे लागले.

लोकांनी उभारलेल्या शाळा

ही उभारणी जेथे झाली तो भाग आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हल्ली ज्याला आपण सुलतान बाजार म्हणतो तो रेसिडेन्सीचा बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटच्या अधिकाराखाली होता. संस्थानात सभा-संस्थांवर जे निर्बंध असत त्यांचा जाच तेथे कमी होता. म्हणून तेलुगू बंधूंचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् १९०१ मध्ये याच परिसरात निघाले, आणि मराठी मंडळींच्या हालचालींचे केंद्रही हेच राहिले.

१९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांची नावे अग्रभागी येतात. मराठवाड्यातील खेड्यात जन्मलेले केशवराव वकिलीच्या निमित्ताने आधी गुलबर्ग्यास आणि मग हैदराबादेस आले, आणि पुढे येथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कायदा आणि दरबार दोन्ही जाणणारा हा माणूस शाळा काढण्याच्या खटाटोपात पडला याचे कारण उघड आहे. आपल्या अशिलांची मुले कोठे अडखळतात, हे त्यांना रोज दिसत असले पाहिजे. चित्रकार म्हणून त्या सुमारास हैदराबादेत राहणारे आणि पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून कीर्ती पावलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही या मंडळींपैकीच. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय त्याच सालचे. त्यानंतर औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ मध्ये, आंबेजोगाईचे योगेश्वरी १९१७ मध्ये, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये, अशी ही मालिका आहे. केशवराव १९३२ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये केशव स्मारक शाळा उभी राहिली. नारायणगुड्याच्या रस्त्याने जाताना तिचा विस्तार आज आपण सगळेच पाहतो.

या शाळांना सरकारी परवानगीच्या नियमांतून वाट काढावी लागे. शिक्षकांचे पगार तुटपुंजे असत आणि वर्गणीच्या याद्या घरोघर फिरत. मात्र या शाळा केवळ भाषेच्या शाळा राहिल्या नाहीत. हिप्परग्याचे आणि आंबेजोगाईचे शिक्षक व्यंकटेश खेडगीकर हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी झाले. ज्या शाळेत मुलाला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो, त्या शाळेतून प्रश्न विचारणारी माणसे निघतात. हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनी ओळखले होते. आपण पालक मात्र ते विसरतो.

१९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, आणि त्यापायी शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यांना जवळ केले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू केदार यांनी या मुलांसाठी दरवाजा उघडला, ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कृतज्ञतेने येत असे. त्या मुलांत वरंगळकडचा एक तेलुगू विद्यार्थी होता. तो मराठी मुलखात शिकला, आणि मराठी अशी शिकला की पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. तो विद्यार्थी म्हणजे पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. दुसरीकडे, निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी संस्थानच्या मुलकी खात्यात नोकरी करीत फारसी, उर्दू, तेलुगू शिकले, आदिवासींच्या बोलींचा अभ्यास केला, आणि आयुष्यभर मराठीत इतिहास लिहीत राहिले. पुष्कळ भाषा शिकल्याने मायबोली मागे पडते, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन माणसे डोळ्यांसमोर आणावीत.

दिवस पालटले

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाची भाषा उर्दूची इंग्रजी झाली, आणि मराठी शाळांवरील दडपण गेले. माझे वडील या मोकळ्या दिवसांचे विद्यार्थी. ते मराठीत शिकले, मराठीत वादविवाद केले, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गाच्या आठवणी शेवटपर्यंत सांगत राहिले. परंतु हे दिवस फार टिकले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. सरकारी नोकरांची वाटणी झाली. आमच्या आळीतील कित्येक बिऱ्हाडे काचीगुड्याच्या स्थानकावरून मीटरगेजच्या गाडीने औरंगाबादेकडे निघून गेली. आजोबांनी येथेच राहायचे ठरविले. जे गेले ते बहुसंख्य झाले आणि जे राहिले ते अल्पसंख्य. त्या एका रात्रीत कोणाचे घर हलले नाही, पण घराचा अर्थ बदलला.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि तिकडच्या शाळा-महाविद्यालयांचा हैदराबादशी असलेला धागा तुटला. येथे उरले ते विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद, आणि उस्मानियातील मराठी विभाग. डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे अध्यापक या विभागात होऊन गेले. ज्या शहरात १९३१ मध्ये ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते, तेथे मराठी आता पाहुणी की घरची, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरविले की ज्या मुलांची मातृभाषा प्रादेशिक भाषेहून निराळी आहे, त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे. त्यासाठी सबंध शाळेत अशी किमान चाळीस मुले किंवा एका वर्गात किमान दहा मुले असली की त्या भाषेचा एक तरी शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करून देण्याचे कर्तव्य घटनेतच लिहिले. आजोबांच्या पिढीला जे मागूनही मिळत नव्हते, ते आता मागितल्यास मिळू शकत होते. त्याची किंमत एवढीच, हजेरीपटावर दहा नावे.

नववे नाव आणि दहावे नाव

आता जे सांगायचे ते सांगताना मला संकोच वाटतो, पण त्यावाचून हा लेख खोटा ठरेल. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शिक्षक होतो आणि माझी मुलगी पहिलीत जायची होती. जूनच्या आरंभी एका मराठी शाळेच्या बाई भर उन्हात आमच्या घरी आल्या. पाणी प्यायल्या आणि वहीचे पान उघडून म्हणाल्या, “सर, नऊ झाली आहेत. एक नाव मिळाले की वर्ग राहतो.”

मी मराठीचा एम. ए. गणेशोत्सवात मायबोलीवर व्याख्याने देणारा. मी त्यांना म्हटले, “बाई, घरात विचार करून कळवतो.” घरात विचार झाला. पुढे नोकरीचे काय, इंग्रजीचे काय, शेजारच्या मुलांच्या मागे पडली तर काय, असा तो सर्वपरिचित विचार होता. आठ दिवसांनी मुलगी इंग्रजी शाळेत गेली. मी बाईंना निरोप पाठविला नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही. त्या वर्षी तो वर्ग भरला नाही. नियमाला दोष देता येत नाही, शाळेला नाही, सरकारला तर नाहीच. आजोबांच्या वेळी दार बाहेरून बंद होते. माझ्या वेळी ते मी आतून लावून घेतले.

मुलगी शिकली, चांगल्या नोकरीला लागली, परगावी गेली. गेल्या दसऱ्याला ती घरी असताना ती पत्र्याची पेटी खाली आली. तिने आजीचे एक पत्र उचलले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाबा, अक्षरे वाचता येतात, पण अर्थ लागत नाही. तुम्हीच वाचून दाखवा.” मी वाचून दाखविले. पत्रात विशेष काही नव्हते. मिरच्या वाळत घातल्याचे, आणि धाकट्याच्या खोकल्याचे. पण एका घरातील बाईने लिहिलेले पत्र त्याच घरातील मुलीला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागावे, याची बोच मला अजून आहे.

आता काय करावे?

हळहळ हा काही उपाय नव्हे. तेव्हा व्यवहाराचे बोलू. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली आहे. मी त्याचे स्वागतच करतो. ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा आपल्या मुलांना आली पाहिजे. सरकारी शाळांतही आता इंग्रजी माध्यम आले आहे. अशा स्थितीत प्रत्येक मराठी मूल मराठी माध्यमात जाईल, अशी अपेक्षा मी करीत नाही. जी तशी अपेक्षा बाळगतात त्यांनी आधी आपल्या घरातील दहावे नाव द्यावे.

पण माझ्या मुलीच्या त्या वाक्यात एक आशाही आहे. तिला अक्षरे वाचता आली, ती कशी? शाळेत हिंदी शिकल्यामुळे. आपल्या मुलांना नागरी लिपी आधीच येते. ‘ळ’ हे एक अक्षर, आणि चमचा व चहा यांतील ‘च’चा भेद, असे दोन-चार धडे झाले की वाचनाचे दार उघडते. तामिळ किंवा बंगाली घराला परप्रांतात मुलाला सबंध लिपी नव्याने शिकवावी लागते. आपल्याला फक्त शब्द द्यायचे आहेत. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन, आणि आठवड्यातून आजी-आजोबांना मुलाच्या हातचे चार ओळींचे पत्र, एवढे वर्षभर केले तर मूल मराठी वाचू लागते. हे मी शिक्षक म्हणून अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मी ज्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे, तिच्या प्रवेशाच्या नोंदवहीत मातृभाषेचा एक रकाना असतो. गेल्या वर्षी तो रकाना मी सहज तपासला, आणि चकित झालो. सर्व इयत्ता मिळून दहाहून अधिक नावांपुढे ‘मराठी’ लिहिलेले होते. ही मुले आपल्या मंडळांत दिसत नाहीत. नांदेडकडून, देगलूरकडून, लातूरकडून बांधकामावर आलेल्या गवंड्यांची आणि मजुरांची ती मुले. घरी ती अस्सल मराठी बोलतात, पण तिचे एक अक्षर त्यांनी शाळेत पाहिलेले नाही. आजोबांची जी अडचण १९३२ मध्ये होती, तीच या मुलांची आज आहे. फक्त भाषा बदलली आहे. आम्ही दहावे नाव बरकतपुऱ्यात आणि नारायणगुड्यात शोधीत होतो, आणि ते आमच्याच हजेरीपटावर होते.

एका वर्गात दहा होत नसल्याने नियमाप्रमाणे शिक्षक मागता येत नाही. म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास या मुलांसाठी मी ठेवला आहे. पहिल्या शनिवारी सहा मुले आली. एका मुलीने फळ्यावर ‘वावर’ हा शब्द वाचला आणि ती हसू लागली. विचारले तर म्हणाली, “सर, हे तर आमच्या घरचं आहे.” आपल्या घरचा शब्द शाळेच्या फळ्यावर दिसतो तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहण्यासाठीच १९०७ मध्ये त्या मंडळींनी वर्गण्या गोळा केल्या असाव्यात.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. आपापल्या गावी, मग ते इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद, जवळच्या सरकारी शाळेत एकदा जावे आणि मातृभाषेचा तो रकाना पाहावा. आपल्या मुलांनाही त्या मुलांच्या शेजारी बसवावे. माझ्या मुलीने यंदा एक गोष्ट केली. आजीची पत्रे ती बरोबर घेऊन गेली, आणि दर रविवारी दूरध्वनीवरून मला त्यांतील एक पत्र वाचून दाखविते. अडखळते, मी दुरुस्त करतो. परवा तिने ‘वाळवण’ हा शब्द न विचारता वाचला.